योबेल वर्ष आणि वसईची वाडी

बायबलमधला जमिनीचा कायदा मुख्यतः लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात आहे. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी, अशी भर निर्गमाचा 23 वा अध्याय घालतो. सात वेळा सात वर्षे झाली की पन्नासावे वर्ष योबेलचे. तेव्हा विकलेली शेतजमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते आणि गरिबीमुळे दुसऱ्याच्या चाकरीत विकला गेलेला माणूस आपल्या घरी जातो. या सगळ्याला दिलेला आधार एकच आहे: जमीन देवाची, माणूस तिच्यावर उपरा. गरिबाचा हक्क आणि मातीचा विसावा हे आज दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. या कायद्यात त्यांना वेगळे करता येत नाही. वसईतले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची वकिली शिकणारी भाची यांचा पुढचा संवाद या कायद्याविषयी आहे.

भाची : मामा, सरळ विचारते. बाबांनी वाडी विकायला काढलीय. ते पाप आहे का?

मामा : एकदम पापावर आलीस! आधी कायदा वाच, वकील होणार आहेस ना? योबेलला किती वर्षं उरलीत, तेवढ्या पिकांचा हिशेब करून भाव ठरवायचा, असं तिथे स्पष्ट आहे. म्हणजे विकायची ती पिकं. जमीन कायमची विकायचीच नाही. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र वर्षभरात सोडवलं नाही तर कायमचं गेलं. शेताला तसं नाही, कारण शेतावर पुढच्या पिढीचं पोट असतं. हे कारण माझं हो, लेवीयात दिलेलं नाही.

भाची : पाळलं का हे कधी कोणी?

मामा : योबेल पाळल्याची नोंद बायबलमध्ये मला तरी कुठे सापडली नाही. उलट 2 इतिहासाचा शेवटचा अध्याय काढ. लोक बाबेलच्या बंदिवासात गेले तेव्हा ओस पडलेल्या जमिनीने आपला थकलेला विसावा वसूल केला, सत्तर वर्षं. माणसांनी दिला नाही, तर तिने घेतला.

भाची : बरं. पण आमची वाडी...

मामा : थांब जरा. नाबोथ आठवतो? इज्रेलचा. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बदली मळा देऊ केला, रोख पैसे देऊ केले. आजची कुठलीही भूसंपादनाची नोटीस काढून बघ, याहून वेगळं काय असतं? नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित आहे, देणार नाही. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले आणि त्याला दगडमार करून मारलं. संदेष्टा एलीया राजासमोर उभा राहिला तो या जमिनीसाठी, या खुनासाठी. रविवारी ही गोष्ट आपण मान डोलावत ऐकतो. सोमवारी पुन्हा गुंठ्याचा भाव.

शिक्षकांचा हा जुना राग आहे. तो दोन-तीन वाक्यांत आवरत नाही. एका बावखलावर भराव टाकून तिथे लग्नाचा हॉल कसा उभा राहिला, त्याच हॉलमध्ये पर्यावरणावर व्याख्यान कसे झाले आणि श्रोत्यांना थर्माकोलच्या ताटल्यांत जेवण कसे मिळाले, हे त्यांनी सविस्तर सांगितले. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते, आजूबाजूच्या विहिरींना मिळते. खाडी आणि समुद्र जवळ असल्याने गोडे पाणी कमी झाले की विहिरी खाऱ्या होऊ लागतात आणि केळी, पानवेली, फुलझाडे धोक्यात येतात.

भाची : आमचे सर म्हणतात, पृथ्वी माणसासाठीच आहे असं ख्रिस्ती धर्मानेच शिकवलं, आणि निसर्गाची वाट लागली.

मामा : इतिहासकार लिन व्हाइटने 1967 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तेच लिहिलं. काही अंशी खरंही आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला सत्तेचा अधिकार तेवढा उचलला आणि दुसऱ्या अध्यायातली बागेची मशागत आणि राखण सोडून दिली. पण व्हाइटचा लेख शेवटपर्यंत कोणी वाचत नाही! असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत माना, असं तोच शेवटी सुचवतो. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं. पुढे 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक...

भाची : ते माहितीय. पृथ्वीचं रडणं आणि गरिबाचं रडणं एकत्र ऐका. पटलं. आणि वाडीचं काय?

मामा : पटलं म्हणून पुढे पळू नकोस. खासगी मालकी असू शकते, पण ती निरंकुश नाही, हेही त्यातच आहे. आणि हे इथे रोमहून आलेलं नाही. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले होते. टँकरवाले विहिरी उपसत होते, बिल्डर येत होते. धर्मगुरूने देऊळ सांभाळावं, पाण्यात कशाला पडावं, असं म्हणणारेही होते.

भाची : मामा, तुम्ही उत्तर टाळताय.

मामा : बरं, ऐक. अडचणीतल्याने जमीन विकणं लेवीयाने पाप ठरवलेलं नाही. त्याच्या आप्ताने ती सोडवावी, एवढं सांगितलं. तुझे बाबा विकताहेत तेव्हा मी कुठे होतो, असा प्रश्न मलाही पडायला हवा. यशया पाचव्या अध्यायात शाप देतो तो विकणाऱ्याला नाही. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्याला देतो.

भाची : म्हणजे विकायला हरकत नाही?

मामा : तुमच्या वाडीत बावखल आहे. निर्गमाच्या 21 व्या अध्यायात आहे, खड्डा उघडा ठेवला आणि दुसऱ्याचं जनावर त्यात पडलं, तर खड्डेवाल्याने भरपाई द्यायची. तुमचं बावखल बुजलं तर शेजाऱ्याची विहीर जाते. ती भरपाई कोण देणार? बावखल राखायची अट खरेदीखतात घाला. टिकेल अशी लिहायचं काम तुझं.

भाची : अशी अट घातली तर भाव पडेल.

मामा : पडू दे. योबेल जवळ आलं की लेवीयातही भाव उतरायचाच.