नवा हंगाम, नवा संघ

मुलांनो, बास्केटबॉलचा खेळ तुम्ही पाहिला असेल. मैदानात एका संघाचे पाच खेळाडू खेळतात. बाकीचे खेळाडू बाकावर बसतात. सगळ्यांचे लक्ष खेळणाऱ्यांकडे असते. बाकावर कोण बसले आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. आज आपण बाकावरच्या मुलींची हकिकत वाचू या.

अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींचे बास्केटबॉलचे सामने लोक आवडीने पाहतात. त्यांचा हंगाम नोव्हेंबर महिन्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. एक मुलगी साधारणपणे चार वर्षे खेळते. मग शिक्षण संपते आणि ती संघ सोडून जाते. त्यामुळे दर वर्षी संघ थोडा थोडा बदलतो.

साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघावर मात्र २०२३ साली मोठा प्रसंग आला. त्या हंगामात संघाने ओळीने ३६ सामने जिंकले होते. पण उपान्त्य फेरीत आयोवा विद्यापीठाने त्यांना ७७-७३ असे हरवले. त्यानंतर संघातील पाचही मुख्य खेळाडू विद्यापीठ सोडून गेल्या. अलिया बॉस्टन ही नामवंत खेळाडूही त्यांत होती.

आता संघाचे कसे होणार? प्रशिक्षिका डॉन स्टेली यांच्याजवळ काही नव्या मुली होत्या आणि आदल्या वर्षी बाकावर बसणाऱ्या मुली होत्या. त्यांतच होती कमिला कार्डोसो. कमिला मूळची ब्राझील देशाची. १५ व्या वर्षी ती घर सोडून अमेरिकेत आली, तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हते. तुम्ही मराठी शिकता, तशी ती नवी भाषा शिकली. आता तिला मुख्य संघात जागा मिळाली.

नवा संघ एकामागून एक सामने जिंकत गेला. मार्च २०२४ मध्ये टेनेसी विद्यापीठाशी सामना होता. संघ दोन गुणांनी मागे होता आणि जेमतेम एक सेकंद उरला होता. चेंडू कमिलाच्या हाती आला. लांबून चेंडू टाकून तीन गुण तिने महाविद्यालयीन सामन्यात तोपर्यंत एकदाही मिळवले नव्हते. तरी तिने नेम धरला. चेंडू फळीवर आपटून जाळीत पडला! संघ ७४-७३ असा जिंकला.

७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलंड शहरात अंतिम सामना झाला. समोर पुन्हा आयोवाचाच संघ होता. त्यांच्याकडे केटलिन क्लार्क ही विक्रमी गुण मिळवणारी खेळाडू होती. आयोवाने सुरुवातीलाच १०-० अशी आघाडी घेतली. तेव्हा स्टेली यांच्या बाकावरच्या मुली पुढे आल्या. पहिल्याच वर्षाला असलेल्या टेसा जॉन्सनने १९ गुण मिळवले. साउथ कॅरोलिनाच्या राखीव खेळाडूंनी मिळून ३७ गुण केले. आयोवाच्या राखीव खेळाडूंना एकही गुण मिळाला नाही. साउथ कॅरोलिनाने सामना ८७-७५ असा जिंकला. त्या हंगामातील ३८ च्या ३८ सामने त्यांनी जिंकले.

मुलांनो, शाळेच्या संघात तुम्हांला अजून जागा मिळाली नसेल. तरी रोजचा सराव सोडू नका. बाकावर बसलात, तर खेळ नीट पाहा. आपली पाळी केव्हा येईल, हे आधी कळत नाही.

शब्दार्थ
हंगाम – मोसम
उपान्त्य फेरी – अंतिम सामन्याच्या आधीची फेरी
राखीव खेळाडू – गरज पडल्यास खेळवण्यासाठी ठेवलेला खेळाडू
जेमतेम – कसेबसे, फार थोडे
आघाडी घेणे – पुढे जाणे

स्वाध्याय
१. महाविद्यालयाचा संघ दर वर्षी का बदलतो?
२. कमिलाने टेनेसीविरुद्धचा सामना कसा जिंकून दिला?
३. अंतिम सामन्यात राखीव खेळाडूंचा काय उपयोग झाला?
४. वाक्यात उपयोग करा : नेम धरणे, आघाडी घेणे.