तलाव झाकण्यामागील शास्त्र



आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळजण पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकले. ती विहीर हिवाळ्यासाठी कोणी मिटून ठेविली, असे आपण कधी ऐकले नाही. ग्वाल्हेर-इंदुराकडे पौषात हुडहुडी भरते खरी, परंतु विहिरीचे पाणी गोठून त्याचा दगड होत नाही. कॅनडासारख्या शीत देशांत मात्र घराच्या अंगणातील पोहण्याचा तलाव दरवर्षी शरद ऋतूत विधिपूर्वक बंद करावा लागतो. जानेवारीत मॉन्ट्रियल शहराचे सरासरी तपमान शून्याखाली नऊ-दहा अंश सेल्सिअस असते. आपली कित्येक मराठी कुटुंबे आता त्या देशात स्थायिक झाली आहेत, आणि हे काम त्यांच्याही परिचयाचे झाले आहे. वरवर पाहता ही एक साधी घरकामाची बाब. परंतु तिच्यातील प्रत्येक कृतीमागे पाण्याचा एखादा गुणधर्म उभा आहे. तो कसा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकुंचन पावतात. पाणीही पावते, पण सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून अधिक थंड होऊ लागले की ते उलट प्रसरण पावते, आणि गोठताना तर त्याचे आकारमान एकदम सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. १०० लिटर पाण्याचा बर्फ जवळजवळ १०९ लिटर जागा व्यापतो. ही नऊ लिटरांची जादा जागा त्याला मिळाली नाही तर काय होते?

याचे उत्तर कॅनडातील क्वेबेक येथेच एका प्रयोगाने मिळाले आहे. १७८४-८५ च्या हिवाळ्यात तेथील सैन्यातील मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी लोखंडी तोफगोळे पाण्याने भरले, त्यांची तोंडे बुचांनी घट्ट ठोकून बंद केली आणि ते गोळे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेविले. पाणी गोठू लागताच काही गोळ्यांची बुचे उडाली. एक तर चारशे फुटांहून अधिक दूर जाऊन पडले. जेथे बूच हलले नाही, तेथे लोखंडी गोळाच फुटला. पूर्णपणे कोंडलेले पाणी शून्याखाली २२ अंशांपर्यंत थंड झाले, तर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट होऊ शकतो. तोफेचा गोळा जेथे टिकला नाही, तेथे पंपाचे आवरण आणि प्लॅस्टिकचा नळ यांची काय कथा!

म्हणून तलाव बंद करण्याचे मुख्य सूत्र एकच आहे. गोठणाऱ्या पाण्याला अडवावयाचे नाही. एक तर ते काढून टाकावयाचे, नाहीतर त्याला पसरावयास जागा ठेवावयाची.

आता क्रमाने कृती पाहू. पाणी पुरेसे गार झाले की, म्हणजे साधारणपणे १५ ते १८ अंशांच्या खाली गेले की, काम सुरू करतात. कारण उबदार पाण्यात आच्छादनाखाली शेवाळ फोफावते. प्रथम पाने व गाळ काढतात. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणतात. पाणी आम्ल राहिले तर ते सिमेंटचा गिलावा खाते आणि अल्कधर्मी झाले तर भिंतींवर क्षारांची पुटे चढतात. त्यानंतर क्लोरीन घालून पाणी निर्जंतुक करतात.

मग पाण्याची पातळी थोडी खाली आणतात. तलावाच्या काठाशी पृष्ठभागावरील कचरा ओढून घेणारे एक तोंड असते. त्यास स्किमर म्हणतात. त्याच्या पोकळीत पाणी गोठले तर ती तडकते, म्हणून पातळी सामान्यतः त्याच्या खाली नेतात. जमिनीतील नळांत कॉम्प्रेसरने हवा सोडून आतील पाणी बाहेर फुंकून काढतात आणि लगेच त्यांच्या तोंडांत रबरी बुचे बसवितात. पंप व फिल्टर यांच्या तळाशी असलेली बुचे मात्र काढून ठेवितात, म्हणजे उरलेसुरले पाणी आपोआप निथळते. पाणी राहील अशी शंका असेल तेथे प्रॉपिलिन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक द्रव ओततात. मोटारीच्या इंजिनात वापरतात तो एथिलिन ग्लायकॉलचा द्रव विषारी असल्याने येथे चालत नाही. स्किमरमध्ये पाणी साचण्याचा संभव असेल तर त्यात थोडी वाळू घालून बूच लावलेली प्लॅस्टिकची बाटली उभी करतात. बर्फ पसरू लागला की बाटली चेपते आणि भिंत वाचते. एका क्षुल्लक बाटलीने महागडी वस्तू वाचवावी, हे त्या सूत्राचेच फळ होय.

येथे एखादा चतुर विद्यार्थी विचारील, “गुरुजी, एवढी यातायात कशाला? सगळा तलावच रिकामा केला तर?” प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आर्किमिडीजकडे आहे. तलावाभोवतीच्या मातीत भूजल असते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५ घनमीटर, म्हणजे ७५ टन पाणी मावते. भूजल काठापर्यंत चढले आणि तलाव रिकामा असला, तर त्याला तेवढ्याच, किंबहुना थोड्या अधिक, बळाने वरचा रेटा बसतो. मग सिमेंटचे ते भांडे होडीप्रमाणे उचलले जाऊन भंगू शकते. आतले पाणी हाच त्याचा नांगर असतो.

मग आतले पाणी गोठून भिंती का फोडीत नाही? कारण वरचे पाणी ४ अंशांखाली गेले की हलके होऊन वरच राहते आणि तेथेच गोठते. बर्फाला वर उचलले जाण्यास मोकळे आकाश असते आणि त्याखाली पाणी द्रवरूपच राहते. गोठलेल्या सरोवरांत मासे जगतात तेही याच कारणाने. नळातील पाण्याला मात्र असे आकाश नसते.

शेवटची कृती म्हणजे आच्छादन, आणि सर्वांत अधिक सावधपणा येथेच हवा. साध्या ताडपत्रीवर पाऊस व वितळलेला हिम साचतो. वरून ते जमिनीसारखे दिसते. एखादे लहान मूल त्यावर पाऊल टाकते, ताडपत्री खचते, त्याच्याभोवती गुंडाळली जाते, आणि काठावरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. लहान मूल बुडण्यास काही सेंटिमीटर पाणीही पुरते. म्हणून पट्ट्या व स्प्रिंगांनी काठाच्या फरशीत घट्ट रोवलेली सुरक्षा-आच्छादने निघाली. १९९१ मध्ये ठरलेल्या अमेरिकन मानकाप्रमाणे आठ फुटांहून रुंद तलावावरील अशा आच्छादनाने दोन प्रौढ व एक मूल यांचे, म्हणजे सुमारे २२० किलोग्रॅम, वजन पेलले पाहिजे. तलाव झाकला तरी त्याभोवतीच्या कुंपणाचे दार बंदच ठेवावयाचे असते. झाकलेले म्हणजे सुरक्षित, असे नव्हे. आपल्याकडील विहिरीवर टाकलेला गंजका पत्रा किंवा हौदावरील सैल फळी यांनाही हाच न्याय लागू आहे. ज्याचा भार आपण तपासला नाही, त्या झाकणावर कधीही पाऊल ठेवू नये व लहान भावंडांस ठेवू देऊ नये.

या लेखातील मूळ गोष्ट आपण घरीही पडताळू शकाल. सरळ बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पेल्यात १० सेंटिमीटर पाणी घ्या, बाहेरून रेघ मारा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी बर्फ रेघेच्या सुमारे एक सेंटिमीटर वर आलेला आढळेल. काचेचे भांडे मात्र घेऊ नका; ते का, हे आता सांगावयास नकोच.

कॅनडातील गृहस्थ वसंतात आच्छादन काढतो, बुचे सोडतो व पंप सुरू करतो. नळ शाबूत असले तर त्याला काही विशेष वाटत नाही. नीट केलेल्या कामाची खूण बहुधा अशीच असते. तेथे काही घडलेले दिसत नाही. परंतु जे घडावयाचे नव्हते ते टळलेले असते.