मृत्युपत्राविषयी पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग: गणना २७:१-११, योहान १९:२३-२७.

मृत्युपत्र लिहिणे म्हणजे मरणास बोलावणे होय, असा समज आमच्या मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणी आढळतो. हिज्कीया राजास दुखण्यात प्रथम जी आज्ञा झाली ती घराची निरवानिरव करण्याविषयी होती. आणि त्यानंतर तो १५ वर्षे जगला.

मृत्युपत्र न करिता जो मरतो त्याची मालमत्ता कोणास जाते? भारतीय ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. (गोव्यातील बंधुभगिनींस तेथील निराळा कायदा आहे.) त्याप्रमाणे विधवेस एकतृतीयांश व मुलांस दोनतृतीयांश मिळते, आणि मुलांमध्ये पुत्र व कन्या यांचे वाटे सारखे असतात. सलाफहादाच्या कन्यांस बंधु नव्हता म्हणून वतन मिळाले. आमच्या कन्यांस बंधु असताही, व विवाह झाल्यावरही, कायदा वाटा देतो. तरी साडीचोळी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतात, आणि त्या दिवशी भोजनापूर्वी प्रार्थनाही होते! याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

परंतु कायदा सर्वांचीच काळजी वाहत नाही. समजा, एक शेतकरी तीन एकर जमीन आणि मागे पत्नी, पुत्र, कन्या व वृद्ध माता ठेवून वारला. पत्नीस एक एकर, पुत्रास एक, कन्येस एक. मातेस बांधाएवढीही जागा नाही. मृतास संतति असता त्याची माता वारस होतच नाही. संतति नसेल तर विधवेस अर्धा भाग मिळून उरलेला अर्धा सासऱ्याकडे जातो. सासरा हयात नसल्यास सासू, दीर व नणंदा त्यात वाटेकरी होतात. जे मूल घरी वाढविले पण कायद्याने दत्तक घेतले नाही, त्यास काहीच नाही. वधस्तंभाखाली प्रभूची वस्त्रेही शिपायांनी वाटून घेतली. देण्यास काही उरले नसता त्याने मातेस शिष्याच्या हाती सोपविले. ज्याच्या नावे तीन एकर आहेत त्याने निदान एक कागद लिहावा.

कागद साधा चालतो, मराठीत चालतो; मुद्रांक लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, तथापि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविल्यास पुढे तंट्यास जागा कमी राहते. लिहून देणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांदेखत सही किंवा अंगठा करावा, आणि त्यांनी त्याच्यादेखत सह्या कराव्या. ज्यास काही द्यावयाचे त्याची, अथवा त्याच्या पत्नीची वा पतीची, साक्ष कदापि घालू नये. मृत्युपत्र टिकते, पण त्यास दिलेले दान रद्द होते. उपदेशकांनी हे विशेष ध्यानात धरावे, कारण गावात लिहिता येणारा म्हणून प्रथम त्यांसच बोलावितात.

विवाह केल्याने पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. सबब पुनर्विवाह करणाऱ्या विधुराने ते नव्याने करावे. नाहीतर पहिल्या पत्नीच्या मुलांकरिता केलेली तजवीज नाहीशी होते. न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची सक्ती भारतीय ख्रिस्ती मृत्युपत्रास २००२ च्या दुरुस्तीपासून राहिली नाही.

मंडळीस दान देण्यास पूर्वी ११८ व्या कलमाचा अडथळा होता: जवळचे आप्त असल्यास तसे मृत्युपत्र मरणापूर्वी निदान १२ महिने केलेले असावे लागे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तरी मातेस उघडी टाकून मंदिरास घंटा देऊ पाहणाऱ्याने आधी मार्क ७:९-१३ वाचावे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न: वरील शेतकऱ्यास आपल्या मातेस एक एकर ठेवावयाचा असता कोणाच्या साक्षी चालतील? कोणाच्या चालणार नाहीत? कागद कोठे ठेविला हे त्याने कोणास सांगून ठेवावे?