आगाशीतून विरारकडे पाहताना

१. वय झालं म्हणून घर पडत नाही.
आमच्या आगाशीच्या गावठाणात लाकडी खांबांची कौलारू घरं अजून उभी आहेत. दर मे महिन्यात शाकारणी होते, वासा वाळवीने पोखरला तर सुतार येतो. घर आपलं आहे याची खात्री असल्यामुळे माणसं त्यावर खर्च करतात. उलट विरार पूर्वेच्या विजयनगरात २०२५च्या गणेश चतुर्थीला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. १७ माणसं गेली. ती अनधिकृत इमारत पंधरा वर्षांचीही नव्हती. संरचनात्मक तपासणीची सक्ती मात्र कायदा तीस वर्षं झालेल्या इमारतीवर करतो. आमच्या भागात वयाआधी बांधकाम कसं झालं ते पाहायला हवं.

२. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.
हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. मुंबईत भाडं परवडत नाही, विरार लोकल मिळते, म्हणून माणूस इथे खोली घेतो. हातात नोटरीचा करार, वीजबिल आणि घरपट्टीची पावती असते. एवढे कागद असल्यावर घर पक्कं, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात महापालिका अनधिकृत घरावरही कर लावते, वर शास्तीही लावू शकते, आणि त्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. मग सोसायटी नोंदवताना अडतं, जमीन नावावर होत नाही, कर्ज मिळत नाही. ज्या घराचा उद्या भरवसा नाही त्याच्या गळक्या स्लॅबवर पगार कोण घालणार? पडझड सुरू होते ती इथून, आणि दोष मात्र ‘तिथल्या लोकांना राहायचं कळत नाही’ म्हणून रहिवाशांना दिला जातो. मला हे फार लागतं.

३. पाणी कुठून आलं ते विचारावं.
आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, प्रसिद्ध आहेत; ती केळीची बागायत इथल्या गोड्या विहिरींवर उभी आहे. वसईच्या हरित पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं, तेव्हा वाड्या खाऱ्या होण्याची भीती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी उभारलेल्या हरित वसईच्या लढ्याला हीच धार होती. पण टँकरची वाट पाहणारी बाई बागायतदाराची शत्रू नव्हती. नळ येण्याआधी इमारत विकणाऱ्याने दोघांनाही नाडलं. इमारतींसाठी बावखलं, म्हणजे गावतळी, बुजली, पाण्याच्या वाटा भरल्या. जुलै २०१८च्या पुरात वसईच्या मिठागरातली कुटुंबं पाण्याने वेढली गेली. खोलगट, स्वस्त जागा कोणाच्या वाट्याला येते, हे तेव्हा उघड दिसलं.

४. ‘बाहेरचे’ म्हणण्याआधी आपल्या आवारात पाहावं.
३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावं वगळावीत म्हणून झालेलं आंदोलन मला न्याय्य वाटतं. तरीही वाडीचा तुकडा विकणारे आणि चाळीच्या खोल्यांचं भाडं घेणारे आपल्यातही आहेत. संडास तुंबला तर त्या खोल्यांत जाऊन पाहण्याची जबाबदारी त्यांचीच.

५. कारवाईची किंमत चुकीचा माणूस भरतो.
२०२५च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडून झाल्या. जागा सांडपाणी आणि कचरा प्रकल्पासाठी राखीव होती. ती मोकळी करणं गरजेचं होतं, हे मला मान्य आहे. पण घर गेलं ते राहणाऱ्यांचं. पाया खणला जात होता तेव्हाच काम थांबवलं असतं, तर अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली नसती.

विरार-नालासोपाऱ्यात घर पाहत असाल तर सातबारा, जमीन बिनशेती असल्याचा कागद, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मागा, आणि हाती आलेली प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून खरी आहे का ते तपासून घ्या. सीसीच बनावट निघाल्याची प्रकरणं इथे झाली आहेत. आधीच राहत असाल आणि खांबाला तडा दिसत असेल, तर शेजाऱ्यांना घेऊन या आठवड्यातच प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.