स्वयंसेवी संस्था, नवमाध्यमे आणि प्रतिष्ठानांचे साहाय्य

विकासाच्या प्रत्येक कार्यक्रमाला दोन अंगे असतात. प्रत्यक्ष कार्य हे पहिले आणि त्या कार्याची माहिती संबंधितांपर्यंत पोहोचणे हे दुसरे. भारतातील स्वयंसेवी क्षेत्राचे पहिले अंग विस्तृत आहे. केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या माहितीनुसार देशात सुमारे ३१ लाख स्वयंसेवी संस्था नोंदणीकृत होत्या. दुसरे अंग मात्र दुर्बल राहिले. तालुक्याच्या गावी अनेक वर्षे काम करणारी संस्था जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नसते. परिणामी तिला देणगीदार मिळत नाहीत, तिचे अनुभव धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचत नाहीत आणि तिच्या कामाची पारखही होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी काही धर्मादाय प्रतिष्ठाने पुढे आली. त्यांच्या कार्याचे स्वरूप व मर्यादा अभ्यासकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

संस्थात्मक चौकट

भारतात स्वयंसेवी संस्थांची नोंदणी प्रामुख्याने तीन मार्गांनी होते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये संस्था म्हणून, न्यासविषयक कायद्यांन्वये विश्वस्त संस्था म्हणून, अथवा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ अन्वये ना-नफा कंपनी म्हणून. ‘प्रतिष्ठान’ किंवा ‘फाऊंडेशन’ हा स्वतंत्र कायदेशीर प्रकार नाही. वरीलपैकी कोणत्याही स्वरूपात नोंदलेली संस्था ते नाव धारण करू शकते. काही प्रतिष्ठाने स्वतः सेवाकार्य करतात, काही अर्थसाहाय्य देतात, तर काही अन्य संस्थांची क्षमतावृद्धी करतात. संज्ञापनाचे साहाय्य हे या तिसऱ्या प्रकारात मोडते.

केंद्र सरकारने २००७ मध्ये स्वयंसेवी क्षेत्राविषयीचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. संस्थांचे स्वातंत्र्य जपणे व त्याचबरोबर त्यांच्या कारभारात पारदर्शकता आणणे ही त्यामागील दोन सूत्रे होती. नवमाध्यमांचा संबंध या दोन्ही सूत्रांशी येतो.

संकेतस्थळापासून आरंभ

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढील काही वर्षांत मोठ्या शहरांतील संस्थांनी आपली संकेतस्थळे उभारली; ग्रामीण संस्था मागे राहिल्या. दिल्ली येथे २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘डिजिटल एम्पॉवरमेंट फाऊंडेशन’ या संस्थेने या दरीकडे लक्ष दिले. डिजिटल आशयनिर्मितीला प्रोत्साहन देण्यासाठी तिने २००४ पासून ‘मंथन पुरस्कार’ सुरू केले. पुढे ‘डॉट ऑर्ग’ या नामपद्धतीचे व्यवस्थापन करणाऱ्या ‘पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री’च्या सहकार्याने ‘ई-एनजीओ’ हा कार्यक्रम हाती घेतला. लहान संस्थांना संकेतस्थळ उभारून देणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांना डिजिटल साधनांचा परिचय करून देणे हे या कार्यक्रमाचे प्रमुख भाग होत.

संकेतस्थळ ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना आपले वार्षिक लेखापरीक्षित हिशेब स्वतःच्या किंवा केंद्र सरकारने निर्दिष्ट केलेल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. निती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर संस्थांची माहिती एकत्र ठेवली जाते. ज्या संस्थेला आपली माहिती व्यवस्थित मांडता येत नाही, ती प्रामाणिक असूनही संशयास पात्र ठरण्याची शक्यता असते.

पत्ता कोणाचा, मालकी कोणाची?

संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीनंतर शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे या नावांचे व्यवस्थापन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री’ ही ना-नफा संस्था ‘एथॉस कॅपिटल’ या खासगी गुंतवणूक कंपनीला सुमारे १.१३ अब्ज डॉलरना विकण्याचा प्रस्ताव जाहीर झाला. शुल्कवाढ होईल आणि सार्वजनिक हित दुय्यम ठरेल, या भीतीने जगभरातील ना-नफा संस्थांनी त्याला विरोध केला. इंटरनेटवरील नावांचा समन्वय करणाऱ्या ‘आयकॅन’ने ३० एप्रिल २०२० रोजी या व्यवहारास संमती नाकारली.

केवळ समाजमाध्यमांवर विसंबून असलेल्या संस्थेचे परावलंबित्व याहून अधिक असते. तेथील मजकूर कोणाला दिसावा, हे संबंधित कंपनीच ठरवते. म्हणून समाजमाध्यमांचा वापर करतानाही स्वतःचा पत्ता व स्वतःची माहिती स्वतःकडे ठेवणे हितावह होय.

लिपीपलीकडील माध्यमे

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी लिखित संकेतस्थळ पुरेसे नाही. या दृष्टीने ध्वनी व चित्रफीत यांचे महत्त्व विशेष आहे. गोव्यातून कार्य करणारी ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ ही संस्था २००३ पासून वंचित समाजघटकांतील व्यक्तींना चित्रीकरणाचे प्रशिक्षण देत आली. २०१० मध्ये तिने ‘इंडिया अनहर्ड’ हा उपक्रम सुरू केला व त्याद्वारे गावोगावचे प्रश्न तेथीलच रहिवाशांनी चित्रफितींतून मांडले. त्याच वर्षी छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ ही ध्वनिसेवा सुरू झाली. साध्या भ्रमणध्वनीवरून गोंडी किंवा हिंदी भाषेत निवेदन नोंदवावे आणि इतरांची निवेदने ऐकावीत, अशी तिची रचना होती. इंटरनेटची जोडणी अथवा अक्षरओळख यांपैकी कशाचीही बोलणाऱ्याला गरज नव्हती.

रेडिओ हे माध्यम जुने. परंतु त्यावरील संस्थांचा हक्क नवा आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. त्यानुसार डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे ‘संगम रेडिओ’ हे केंद्र तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. दलित महिला ते चालवू लागल्या. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाऊंडेशननेही २००८ मध्येच असे केंद्र सुरू केले.

प्रमुख अडचणी

पहिली अडचण निधीची. देणगीदार शाळा, विहीर किंवा आरोग्य शिबिरासाठी पैसा देतात; संज्ञापनाचा खर्च त्यांना अनावश्यक वाटतो. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. त्यामुळे कार्यालयीन स्वरूपाच्या खर्चासाठी उपलब्ध अवकाश आणखी आकसला. दान म्हणून मिळालेले संकेतस्थळ दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाअभावी बंद पडले, तर पहिल्या वर्षीचा खर्चही वाया जातो.

दुसरी अडचण भाषेची. देणगीदारांसाठी इंग्रजीत मांडलेली माहिती लाभार्थ्यांना वाचता येत नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘डॉट भारत’ या देवनागरी नामपद्धतीमुळे मराठी, कोकणी, हिंदी आदी भाषांत संकेतस्थळाचा पत्ताही नोंदवता येतो. मात्र पत्ता देवनागरीत आणि मजकूर इंग्रजीत, अशा स्थितीत हेतू साध्य होणार नाही.

तिसरी अडचण लाभार्थ्यांच्या प्रतिष्ठेची आहे. निधी मिळवण्यासाठी आजारी अथवा निराधार बालकांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्याचा मोह होतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. महाजालावर एकदा गेलेले छायाचित्र परत घेणे जवळपास अशक्य असते. म्हणून कायद्याच्या पलीकडेही संस्थांनी संयम बाळगला पाहिजे.

मूल्यमापनाचे निकष

प्रतिष्ठानाने किती संकेतस्थळे उभारली किंवा किती संगणक वाटले, यावरून अशा साहाय्याचे यश मोजता येत नाही. साहाय्याची मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या मनुष्यबळावर माध्यम चालवते काय, माहिती लाभार्थ्यांच्या भाषेत उपलब्ध आहे काय, त्यांना तक्रार वा सूचना नोंदवता येते काय आणि त्या सूचनेनुसार कामात बदल होतो काय, हे चार प्रश्न अधिक निर्णायक आहेत. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण, कारण त्याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून संस्थेच्या कारभारात असते. माध्यमामुळे गावातील आवाज संस्थेच्या कार्यालयापर्यंत येऊ शकतो. तो ऐकण्याची व्यवस्था संस्थेलाच उभारावी लागते आणि प्रतिष्ठानांनी आपल्या साहाय्यात या व्यवस्थेसाठीही तरतूद ठेवणे अगत्याचे आहे.