सूर्यशक्ति आणि कराची सूट

सूर्याचें ऊन सर्वांस फुकट मिळतें. परंतु त्यापासून वीज उत्पन्न करणारें साधन फुकट मिळत नाहीं. त्याचा बहुतेक सर्व खर्च आरंभींच करावा लागतो, आणि त्याचें फळ पुढें वीस-पंचवीस वर्षें थोडें थोडें हातीं येतें. सामान्य गृहस्थ येथेंच अडखळतो. ही अडचण दूर करण्यासाठीं सरकारें मुख्यतः दोन उपाय योजितात : एक, कराची सूट, दुसरा, रोख अनुदान. वरवर पाहतां दोन्ही सारखेच भासतात. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. विद्यार्थिमित्रहो, तो आपण उदाहरणानें पाहूं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं कराच्या सुटीचा मार्ग धरिला. १९७८ च्या कायद्यानें घरगुती सौर साधनांच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर शेंकडा ३० व पुढील ८,००० डॉलरांवर शेंकडा २० इतकी सूट मिळूं लागली. १९७९ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापविणारीं सौर साधनें बसविलीं. पुढें तेल स्वस्त झालें. १९८५ च्या अखेरीस ही सूट संपली आणि तिच्या आधारावर वाढलेला धंदा कोसळला. १९८६ सालीं व्हाइट हाउसच्या छपराची दुरुस्ती निघाली, तेव्हां तेथील साधनें उतरविलीं, तीं पुन्हां चढलीं नाहींत. २००५ च्या कायद्यानें शेंकडा ३० सूट पुन्हां आली. २०२२ च्या कायद्याप्रमाणें ती २०३२ पर्यंत पूर्ण दरानें चालावयाची होती. परंतु जुलै २०२५ मधील नव्या कायद्यानें घरगुती सूट त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर बंद केली.

आतां या सुटीचें गणित पाहूं. समजा, एका गृहस्थानें १०,००० डॉलर खर्च केले. शेंकडा ३० प्रमाणें ३,००० डॉलर त्याच्या उत्पन्नांतून नव्हे, तर प्रत्यक्ष करांतून वजा होत. ज्यास ३,००० डॉलर कर भरावयाचा असे, त्यास पूर्ण लाभ त्याच वर्षीं मिळे. ज्याचा कर ५०० डॉलर, त्यास त्या वर्षीं ५०० चाच लाभ. बाकीची सूट पुढील वर्षांच्या करासाठीं राही. आणि ज्याचें उत्पन्न इतकें अल्प कीं त्यास कर लागूच होत नसे, त्याच्या हातीं कांहींच पडत नसे. म्हणजे ज्यास साहाय्याची गरज अधिक, त्यालाच तें कमी मिळे!

आपल्या देशांत फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेनें दुसरा मार्ग घेतला. एक कोटि घरांवर सौर साधनें बसविण्याचा तिचा संकल्प होता. तींत पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे एकंदर ७८,००० रुपये अनुदान ठरलें; त्याहून मोठें साधन बसविलें तरी रक्कम वाढावयाची नाहीं. ही रक्कम ग्राहकाच्या बँकखात्यांत जमा होते; तो प्राप्तिकर भरतो कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

तथापि तिलाही मर्यादा आहे. अनुदान साधन बसविल्यानंतर मिळतें, यासाठीं आधीं पैसे किंवा कर्ज उभें करावें लागतें. शिवाय ज्यास स्वतःचें छप्पर नाहीं, त्या भाडेकऱ्यानें साधन कोठें बसवावें? गृहसंस्थांना सामाईक सोयींकरितां साहाय्य आहे खरें. परंतु चाळींतील बिऱ्हाडकरूस त्याचा उपयोग थोडा.

यास्तव कोणतीही सवलत जाहीर झाली असतां केवळ रकमेच्या आंकड्यानें दिपून जाऊं नये. ती कोणास मिळणार, केव्हां मिळणार आणि किती वर्षें टिकणार, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे. सवलतीचा पैसा अखेर सर्व प्रजेच्या करांतूनच येतो. तेव्हां तिचा प्रकाश मोठ्या घरांच्या गच्चीवरच न थांबतां लहान घरांतही पोंचावा, हें पाहणें सुजाण नागरिकाचें कर्तव्य आहे.