कर्करोगाच्या उपचारकाळातील अरुची

कर्करोगावर उपचार चालू असताना रुग्णाची अन्नावरची वासना उडणे, ही वारंवार आढळणारी गोष्ट आहे. रुग्ण दोन घास घेऊन ताट दूर सारतो. घरची माणसे आग्रह करतात, रागावतात आणि अखेरीस हताश होतात. मन घट्ट केले तर तो जेवेल, अशी त्यांची समजूत असते. ती यथार्थ नाही. भूक ही केवळ इच्छाशक्तीवर अवलंबून नसून शरीरातील अनेक क्रियांचे फलित होय.

अरुचीची कारणे

रोगामुळे शरीरात जी दाहकारक द्रव्ये निर्माण होतात, त्यांचा मेंदूतील भुकेचे नियमन करणाऱ्या भागावर परिणाम होऊन भूक मंदावते. केमोथेरपीतील अनेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशींप्रमाणेच तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील पेशीही वेगाने विभागत असल्यामुळे त्यांनाही इजा पोचते व तोंड येते. काही औषधांमुळे आतड्यातील पेशींतून सेरोटोनिन हे द्रव्य सुटते. त्याचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूत पोचून मळमळ व वांती होते. डोके व मान यांवर किरणोपचार केल्यास लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते. नेहमीची आमटी कडवट किंवा धातूसारखी लागू लागते. वेदना, बद्धकोष्ठ व चिंता यांचीही त्यात भर पडते.

आहाराची योजना

अशा रुग्णास दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला साधारणपणे २५ ते ३० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ५० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णास १२५० ते १५०० किलोकॅलरी आवश्यक ठरतात. दोन भरल्या ताटांतून हे साधत नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा, लहान वाटीत, थोडे थोडे द्यावे. पुष्कळांना सकाळी भूक बरी लागते. त्या वेळेचा लाभ घ्यावा. घास थोडा असला तरी तो सकस असावा. पाच ग्रॅम तुपातून सुमारे ४५ किलोकॅलरी मिळतात. डाळ, दही, अंडे, पनीर, शेंगदाण्याचे कूट यांतून प्रथिने मिळतात. महाराष्ट्रातील तूप घातलेला मऊ भात, तमिळनाडूतील दहीभात, बंगालमधील खिचडी, बिहारमधील सत्तू, असे रुग्णाच्या सवयीचे पदार्थ निवडावेत. मधुमेह अथवा अतिसार असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वासाने मळमळत असल्यास अन्न निवू द्यावे आणि फोडणीच्या वेळी रुग्णास स्वयंपाकघरापासून दूर बसवावे. तोंड आले असल्यास तिखट व आंबट पदार्थ वर्ज्य करावेत. पाणी जेवताना फार न देता मधल्या वेळी द्यावे. उपचारांमुळे पांढऱ्या रक्तपेशी घटत असल्याने अन्न ताजे व पुरते शिजवलेले असावे. उघड्यावर चिरून ठेवलेली फळे देऊ नयेत. साखर बंद केल्याने कर्करोगाची गाठ उपाशी मरते, हा समज निराधार आहे. अशा पथ्यांनी रुग्ण मात्र अधिक कृश होतो.

डॉक्टरांना केव्हा सांगावे

रुग्णाचे वजन दर आठवड्यास करून लिहून ठेवावे. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे, म्हणजे ६० किलोग्रॅमच्या माणसाचे तीन किलोग्रॅमहून अधिक घटणे, हे चिंतेचे लक्षण होय. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल किंवा ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक ताप आला, तर तत्काळ कळवावे. मळमळीवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. ती मागण्यास संकोच करू नये. गिळणे अशक्य झाल्यास काही काळ नळीवाटेही अन्न देता येते.

आग्रहाची मर्यादा

रोग फार पुढे गेल्यावर स्नायू झिजू लागतात आणि ही झीज केवळ अन्नाने भरून निघत नाही. त्या अवस्थेत बळेच भरवल्याने आयुष्य वाढत नाही. मळमळ, ठसका व मनस्ताप मात्र वाढतात. रुग्ण खात नाही म्हणून तो मरणाला कवटाळत आहे, किंवा घरच्यांची शुश्रूषा उणी पडली, असे मानण्याचे कारण नाही. तेव्हा मागेल तो घास द्यावा, ओठ ओले करावेत, तोंड स्वच्छ ठेवावे. जेवणाच्या वेळी इतरांनी त्याच्याजवळ बसून नेहमीच्या गोष्टी बोलाव्यात आणि त्याच्या वाटीत किती उरले, याची चर्चा त्याच्यासमोर करू नये.